मिशनच्या संस्थांचे अनुदान आटले. आता गावाने काय करायचे?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्यातल्या एका वाडीवर ग्रामसभेला गेलो होतो. नोटिशीवर घरपट्टी, दिवाबत्ती, घरकुलांची यादी असे नेहमीचे विषय होते. माणसे जमली होती ती शेवटच्या विषयासाठी. विषय होता, अर्धवट राहिलेले पाणलोटाचे काम.

वाडीच्या माथ्यावर सलग समतल चर खोदून झालेत. मधल्या टप्प्यात दगडी बांध पडलेत. पायथ्याच्या ओढ्यावर दोन माती नाला बांध व्हायचे होते, ते राहिले. काम करत होती एक ख्रिस्ती सेवाभावी संस्था. तिला पैसा येत होता दिल्लीच्या मोठ्या संस्थेकडून, आणि त्या मोठ्या संस्थेला परदेशातल्या चर्चच्या निधीतून. दोन-तीन वर्षांपूर्वी वरचा पैसा बंद झाला. संस्थेचे दोन कार्यकर्ते होते, तेही दुसरीकडे कामाला लागले. गावाची आणि संस्थेची नावे इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण असा प्रकार या एकाच वाडीचा नाही.

सभेत एक तरुण उठून म्हणाला, "बरं झालं गेले ते. फादरचा पैसा नकोच आपल्याला. आज बांध घालतील, उद्या बाटवतील." मागून एक आजीबाई म्हणाल्या, "चार वरीस चर खांदलं म्या. मला तर कुनी बाटवलं न्हाई बाबा. बांध कोन घालतंय, ते सांग आदी."

दोघांच्या बोलण्यात गावाचा सगळा प्रश्न आला. एकाच्या मनात भीती आहे, दुसरीला काम पुरे व्हायला हवे आहे. दोन्हीचा विचार कागदपत्र पाहून करावा म्हणून हा लेख.

पैसा येतो कुठून?

आपल्याकडे सरसकट 'मिशनचा पैसा' म्हणतात. त्याचे दोन-तीन झरे आहेत. जर्मनीत कॅथॉलिक बिशपांनी १९५८ साली मिझेरिओर नावाचा निधी काढला. ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या काळात चर्चमध्ये त्यासाठी वर्गणी गोळा होते. प्रोटेस्टंट चर्चेसनी १९५९ मध्ये 'ब्रोट फ्यूर डी वेल्ट', म्हणजे 'जगासाठी भाकरी', हा निधी सुरू केला. त्याची वर्गणी नाताळच्या सुमारास जमते. शिवाय १९६२ पासून जर्मन सरकार आपल्या विकास निधीतला काही हिस्सा चर्चच्या संस्थांमार्फत खर्च करते. म्हणजे नगर-बीडच्या डोंगरावर पडलेल्या बांधात तिकडच्या म्हातारीची वर्गणी होती, तसा तिकडच्या करदात्याचाही पैसा होता.

आपल्या देशात हा पैसा वाटणाऱ्या मोठ्या संस्था झाल्या. फाळणीच्या निर्वासितांना मदत म्हणून १९४७ मध्ये प्रोटेस्टंट चर्चेसच्या ज्या कामाला सुरुवात झाली, तेच पुढे 'कासा' या नावाने ओळखले गेले. कॅथॉलिक चर्चची कारितास इंडिया १९६२ ची. साठ-सत्तरच्या दशकात अमेरिकेचे धान्य अशाच संस्थांमार्फत दुष्काळी कामांवर वाटले गेले. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली माणसे अजून गावात आहेत. कुठल्या कामावर काय मिळाले, ते त्यांनाच विचारा.

या मोठ्या संस्था पुढे जिल्ह्याच्या, तालुक्याच्या छोट्या संस्थांना अनुदान देत. कालव्यासारखेच होते ते. मोठी संस्था म्हणजे मुख्य कालवा, मधली म्हणजे चारी, आणि आपल्या वाडीवर काम करणारी म्हणजे पोटचारी. ऊसतोडीला जाणाऱ्यांची वस्ती, पारध्यांची पालं, अकोल्याच्या डोंगरातले ठाकर आणि महादेव कोळ्यांचे पाडे, गावकुसाबाहेरचा दलित वस्तीचा भाग, अशा टेलच्या माणसापर्यंत पाणी नेणारी ही पोटचारी होती.

हापसा आणि नांगी दगडी जमीन

या पैशाने काय झाले, ते पाहायला लांब जायला नको. गावातला हापसा पाहा.

आपला मराठवाडा, नगर, सोलापूर म्हणजे काळ्या पाषाणाचा मुलूख. विहीर खणायची म्हणजे सुरुंग लावायचे, वर्ष-दोन वर्षे घालवायची. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या दुष्काळात जालन्याच्या चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनने कठीण खडक फोडणारी बोअरची यंत्रे आणून गावोगाव विंधनविहिरी घेतल्या. बोअर झाले, पण त्यावर बसवलेले ओतीव लोखंडाचे पंप घरगुती वापराचे होते. दोन-चारशे माणसांच्या वापरापुढे ते टिकेनात. मग जालन्यात मिशनच्या कारखान्यात मजबूत पंप तयार झाला, त्याला 'जालना पंप' म्हणत. सोलापुरात ऑस्कर कार्लसन या स्वीडिश कारागिराने त्यात सुधारणा करून 'सोलापूर पंप' बनवला. या सोलापूर पंपाचा आधार घेऊन सत्तरच्या दशकात युनिसेफ आणि सरकारने 'इंडिया मार्क टू' हा हातपंप सिद्ध केला. मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रूडास कारखान्यात तो मोठ्या प्रमाणावर बनू लागला. आज जगात सर्वात जास्त वापरला गेलेला हातपंप हाच मानतात. देवळापुढच्या हापशावर पाणी भरताना त्याचे मूळ कुणी विचारत नाही, आणि विचारायचे कारणही नाही.

दुसरे उदाहरण जामखेडचे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती डॉक्टर दांपत्याने १९७० साली तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच, बहुतेक निरक्षर आणि दलित-गरीब बायकांना त्यांनी आरोग्य सेविका म्हणून शिकवले. बाळंतपण, जुलाब, कुष्ठरोग, क्षय यांचे बरेचसे काम या बायका गावातच करू लागल्या. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९० मध्ये पद्मभूषण. आज आशा कार्यकर्ती घरोघर फिरते, त्या पद्धतीची बीजे अशा प्रयोगांत आहेत.

तिसरे उदाहरण आमच्या खात्याच्या जवळचे. फादर हर्मन बाकर हे स्वित्झर्लंडचे जेझुइट धर्मगुरू १९४८ साली भारतात आले आणि नगर जिल्ह्यात राहिले. लोक त्यांना 'बाकर बाबा' म्हणत. नगरच्या सोशल सेंटरमार्फत त्यांनी आधी विहिरी, इंजिने, सहकारी उपसा अशी कामे केली. विहीर खोल गेली तरी पाणी पुरेना, तेव्हा प्रश्न विहिरीचा नसून डोंगराचा आहे हे त्यांनी धरले. त्यांच्या कल्पनेतून १९९० च्या सुमारास इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाची आखणी झाली आणि १९९२-९३ पासून कामे सुरू झाली. १९९३ मध्ये फादर क्रिस्पिनो लोबो यांना बरोबर घेऊन त्यांनी 'वॉटर' ही संस्था काढली. २०२१ मध्ये बाकर बाबा गेले.

या कार्यक्रमात एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. जर्मन सरकारचा पैसा थेट मिशनच्या हातात दिला नाही. तो नाबार्डकडे आला. नाबार्डकडून तो गावाच्या पाणलोट समितीच्या आणि संस्थेच्या संयुक्त खात्यात आला. काम करणाऱ्या संस्थांमध्ये चर्चच्या होत्या, तशा चर्चशी काडीचा संबंध नसलेल्याही पुष्कळ होत्या. आणि गावाला आधी परीक्षा द्यावी लागे. प्रत्येक घराने ठरावीक दिवस श्रमदान करायचे, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची, मजुरीचा काही हिस्सा गावाने सोडायचा, गटनंबर घेऊन प्रत्येक शेतकऱ्याच्या बांधावर नवरा-बायको दोघांना उभे करून आराखडा करायचा. राळेगणसिद्धीमुळे गाजलेल्या अटीच या. काम माथा ते पायथा. गाव नापास झाले तर पैसा नाही.

संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीचे काम १९९६ मध्ये सुरू झाले. उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लावून बसणारे ते गाव. तिथल्या मेंढपाळांनी आधी चराईबंदीला विरोध केला, ते साहजिकच होते. त्यांच्याशी बोलून, टप्प्याटप्प्याने रान बंद करून काम पुढे गेले. पुढे १९९९-२००० च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाणलोट विकास निधीची घोषणा झाली. केंद्र आणि नाबार्ड यांनी प्रत्येकी शंभर कोटी घालून दोनशे कोटींचा निधी उभा केला, तो याच अनुभवावर.

इथे एक उणी बाजूही सांगितली पाहिजे. पाणलोटाचा पहिला फायदा पायथ्याच्या विहीरवाल्याला होतो. माथ्यावरचे रान बंद झाल्याचा पहिला फटका भूमिहीनाला बसतो. शेळी ही त्याची बँक, आणि तीच दावणीला बांधायची म्हणजे चारा विकत घ्यायचा. ज्या गावात गवताचा हिस्सा, मजुरीत पहिला हक्क अशी तडजोड झाली, तिथे काम टिकले. ती झाली नाही तिथे चार वर्षांनी मेंढरे पुन्हा चरात उतरली. पैसा मिशनचा असो की सरकारचा, हा नियम बदलत नाही.

संशयाचे मूळ

आता त्या तरुणाच्या बोलण्याकडे येऊ. त्याला उगाच झटकून टाकता येणार नाही. एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळांत, १८७६ पासूनच्या आणि पुन्हा १८९९-१९०० च्या, आपल्या भागात मिशनऱ्यांनी अन्न दिले, अनाथ पोरे सांभाळली, शाळा काढल्या, आणि त्याच काळात मोठ्या संख्येने लोक ख्रिस्ती झाले. बहुतेक अस्पृश्य मानलेल्या जातींचे. पोटासाठी धर्म बदलला असे म्हणणारे तेव्हाही होते. गावाने पाणवठ्यावर येऊ दिले नाही म्हणून बदलला, असे म्हणणारेही होते. दोन्ही गोष्टी गावाच्या आठवणीत आहेत.

आज कायदा काय म्हणतो? आमिष दाखवून किंवा जबरदस्तीने धर्मांतरासाठी परदेशी पैसा वापरला, तर संस्थेची नोंदणी मिळत नाही आणि असलेली जाते. तक्रार करायची तर ती पुराव्यानिशी करावी. नुसत्या कुजबुजीवर संस्था हाकलायची आणि बांध अर्धा ठेवायचा, यात नुकसान गावाचे.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवावी. दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने त्या फक्त हिंदूंना होत्या, पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना लागू झाल्या. म्हणजे गावकुसाबाहेरचे ख्रिस्ती घर जातीने गरीब राहिले, पण त्या खात्यातली शिष्यवृत्ती आणि राखीव जागा त्याला नाही. अशा घराला संस्थेचे वसतिगृह किंवा शिवणवर्ग हाच आधार होता. अनुदान आटले की पहिली झळ त्याला बसते.

कायद्याने दार कसे बदलले

परदेशी देणगीचा कायदा, ज्याला सगळे एफसीआरए म्हणतात, तो १९७६ साली आणीबाणीत आला. २०१० मध्ये नवा कायदा झाला आणि मे २०११ पासून लागू झाला. तेव्हापासून नोंदणी कायमची राहिली नाही, दर पाच वर्षांनी नूतनीकरण आले. सप्टेंबर २०२० मध्ये मोठी दुरुस्ती झाली. त्यातले चार बदल गावाच्या कामाशी संबंधित आहेत.

पहिला, एका संस्थेने घेतलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. दुसरी संस्था नोंदणीकृत असली तरी नाही. दुसरा, कार्यालयीन खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली. तिसरा, सगळा परदेशी पैसा आधी दिल्लीच्या संसद मार्गावरील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच उतरला पाहिजे. चौथा, पदाधिकाऱ्यांचे आधार द्यावे लागते आणि लोकसेवकाला परदेशी देणगी घेता येत नाही.

यातला पहिला बदल सर्वात जड. कालव्याच्या भाषेत सांगायचे तर चारीचे गेट बंद झाले. मोठ्या संस्थेकडे पाणी आहे, पण ते पोटचारीत सोडायची परवानगी नाही. छोट्या संस्थेने स्वतःची नोंदणी करावी, स्वतः परदेशी दाता शोधावा, स्वतः दिल्लीला खाते उघडावे. तालुक्याच्या गावी दोन खोल्यांत चालणाऱ्या, एका सायकलवर आणि एका रजिस्टरवर काम करणाऱ्या संस्थेला हे जमत नाही. आमच्या त्या वाडीवर नेमके हेच झाले.

कार्यालयीन खर्चाच्या नियमात थोडी सवलत आहे. दवाखान्यातल्या डॉक्टरांचा किंवा शाळेतल्या शिक्षकांचा पगार त्यात धरत नाहीत. पण हिशेबनीस, भाडे, गाडी, प्रवास हे धरतात. वाड्या लांब लांब असल्या की प्रवासातच वीस टक्के उडतात.

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. पैसा तीन-चार हातांतून फिरला की शेवटी कुणी कशावर खर्चला, ते कळत नाही. बऱ्याच संस्था वर्षानुवर्षे हिशेबाचे विवरण भरत नव्हत्या. काही ठिकाणी निम्मा पैसा ऑफिस, गाड्या, परिषदा यांत जात होता, हे खोटे नाही. आमच्या खात्यात काम करताना 'जागृती शिबिरा'चे फलक पुष्कळ पाहिले, शिबिराला आलेली माणसे मोजकीच पाहिली. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २०२० ची दुरुस्ती कायम ठेवली. परदेशी देणगी घेणे हा कुणाचा पूर्ण हक्क नाही, असे न्यायालयाने म्हटले. आधारऐवजी पासपोर्ट चालेल, एवढी सवलत दिली.

गेल्या काही वर्षांत सर्व प्रकारच्या मिळून वीस हजारांहून जास्त संस्थांची नोंदणी रद्द झाली. त्यात सगळ्या धर्मांच्या आणि कुठल्याच धर्माच्या नसलेल्याही आहेत. मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीचे नूतनीकरण डिसेंबर २०२१ मध्ये नाकारले आणि जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा दिले. २०२४ मध्ये वर्ल्ड व्हिजन इंडिया आणि कासा यांची नोंदणी रद्द झाल्याच्या बातम्या आल्या. पन्नास-पन्नास वर्षे काम केलेल्या या संस्था. निर्णय बरोबर की चूक, ते कोर्ट आणि सरकार पाहतील. गावाच्या दृष्टीने प्रश्न वेगळा आहे. नोंदणी रद्द होते तेव्हा चालू कामाचे काय करायचे, याची सोय कुणी करून ठेवलेली नसते. शेतकऱ्याने चर खोदले ते त्याच्या घामाचे. त्याचा हिशेब कुठल्याच फायलीत नाही.

पर्याय आहेत, पण...

लोक म्हणतात, आता कंपन्यांचा सीएसआर आहे की. खरे आहे. २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. पण कायदाच म्हणतो की कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे. मग चाकण, रांजणगाव, वाळूज यांच्या आसपासच्या गावांत शाळांना रंग लागतो, आणि आष्टी, पाटोदा, पाथर्डीचा डोंगर तसाच राहतो. तिथे कारखाना नाही म्हणूनच तो मागास, आणि मागास म्हणून तिथे सीएसआर नाही. शिवाय कंपनीचा प्रकल्प फार तर तीन-चार वर्षांचा. पाणलोटाला माणसे तयार करायलाच दीड वर्ष जाते.

सरकारी योजना आहेत. जलयुक्त शिवार २०१५ पासून चालली, २०२३ मध्ये दुसरा टप्पा आला. पैसा मोठा असतो. पण मार्चअखेर खर्च दाखवायचा म्हटले की पोकलेन लावून नाला खोल करणे सोपे पडते. माथ्यावर माणसे नेऊन चर खोदणे अवघड. मीच या खात्यातला माणूस, म्हणून हे लिहायला संकोच वाटत नाही. आमच्याकडे निधी आहे, तांत्रिक मंजुरी आहे. दर आठवड्याला वाडीवर मुक्काम करून भांडणे मिटवणारा माणूस नाही. एका कृषी सहायकाकडे चार-पाच गावे. संस्थांकडे तो माणूस होता. गेला तो माणूस, पैसा नंतरची गोष्ट.

गावाने काय करावे?

सरपंच, ग्रामसेवक आणि शेतकरी बंधूंनी पुढील गोष्टी कराव्यात, असे सुचवतो.

१) संस्था कुठल्याही धर्माची किंवा पक्षाची असो, काम सुरू होण्याआधी तिचे कागद मागा. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, मागच्या तीन वर्षांचे ऑडिट, आणि पैसा परदेशी असेल तर एफसीआरए नोंदणी आजच्या तारखेला चालू आहे का.

२) परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला आर्थिक वर्ष संपल्यावर नऊ महिन्यांत हिशेब जाहीर करावा लागतो. त्यात आपल्या गावाच्या नावावर किती खर्च दाखवला, ते पाहा. कागदावर दहा चर आणि रानात सहा असतील, तर ग्रामसभेत विचारा.

३) लेखी करार करा. काम मधेच थांबले तर अर्धवट कामाचे नकाशे, मोजमाप वही आणि साहित्य ग्रामपंचायतीकडे यावे, असे त्यात स्पष्ट लिहा. आमच्या वाडीवर हे नव्हते. नकाशे संस्थेच्या ऑफिसात आणि ऑफिसला कुलूप. सर्व्हे पुन्हा करावा लागला.

४) खाते संयुक्त ठेवा, आणि देखभालीसाठी वेगळी रक्कम पहिल्या दिवसापासून बाजूला काढा. बांध बांधायला पैसा देणारे मिळतात. गाळ काढायला कुणी देत नाही.

५) लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचा. मदतीसाठी प्रार्थनेला येण्याची अट घातली, तर तिथल्या तिथे हरकत नोंदवा. तसेच एखादे घर ख्रिस्ती आहे म्हणून गावाने यादीतून गाळले, तर तीही हरकत तिथेच नोंदवा.

६) ग्रामसेवक, तलाठी, कृषी सहायक यांनी अशा संस्थेकडून मानधन, भेट, प्रवासखर्च काहीही घेऊ नये. २०२० पासून तो थेट कायद्याचा भंग आहे. पंचायतीच्या पदाधिकाऱ्यांनीही हात लांबच ठेवावा.

७) बंद पडलेली कामे वहीवर घ्या. कुठला गट, किती मीटर चर, किती बांध, काय राहिले. ही वही असेल तरच कृषी खाते किंवा नाबार्डच्या योजनेत पुढचा प्रस्ताव बसतो. नाहीतर वरून 'या गावात पाणलोट झाला आहे' असा शेरा येतो आणि गाव यादीतून उडते. झालेले अर्धे काम असे गावाच्या मुळावर येते.

वाडीचे पुढे काय झाले?

त्या दिवशी ग्रामसभा अंधार पडेपर्यंत चालली. शेवटी ठराव झाला. संस्थेला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवून नकाशे आणि हिशेब मागायचा. चरांतला गाळ मृगाच्या आधी श्रमदानाने काढायचा. राहिलेल्या दोन माती नाला बांधांचा प्रस्ताव कृषी खात्याकडे द्यायचा. ठरावाला सूचक म्हणून त्याच तरुणाचे नाव लागले आणि अनुमोदक म्हणून आजीबाईंचा अंगठा.

गाळ निघाला. सत्तर घरांपैकी चाळीस घरे आली, बाकीची ऊसतोडीच्या उचलीच्या मागे होती. संस्थेकडून उत्तर आले, त्यांनी नकाशांच्या झेरॉक्स पाठवल्या. हिशेब अजून यायचा आहे. प्रस्ताव तालुक्याला मंजूर होऊन जिल्ह्याला गेला आहे, पैशाची तरतूद बाकी आहे. पहिल्या मोठ्या पावसात चर भरले, पण ओढ्याचे पाणी नेहमीसारखे खालच्या गावाला निघून गेले.

अशी कामे आणखी किती गावांत पडून आहेत, त्याची एकत्र यादी तालुक्याला कुठेच नाही. तेव्हा येत्या ग्रामसभेत हा विषय पहिल्या पाचांत घ्यावा आणि वहीची एक प्रत पंचायत समितीच्या कृषी विभागात आणून द्यावी. नकाशा नसेल तर सर्व्हेला येण्याची तयारी आमची आहे. येताना गटनंबरांची यादी आणि चार जाणती माणसे बरोबर ठेवा, एवढेच.